गालबोट: काचेला चिकटलेल्या एका फोटोचं प्रकरण

नौपाड्यातली एक जुनी चार मजली इमारत पुनर्विकासाला गेली, म्हणून हे काम माझ्याकडे आलं. एरवी तिथल्या एका घरातली ती फोटोची फ्रेम भिंतीवरून कोणी उतरवली नसती. पन्नासहून जास्त वर्षं एकाच खिळ्यावर होती. दिवाळीच्या साफसफाईत वरवर फडकं फिरायचं, पितृपक्षात हार चढायचा, बाकी कोणी हात लावत नव्हतं. घर रिकामं करायला पंधरा दिवस उरले तेव्हा त्या घरातल्या काकूंनी ती खाली घेतली, मागचे बारीक खिळे काढून पुठ्ठा उघडला, आणि फोटो बाहेर येईना. काचेलाच चिकटून बसला होता.

काकूंची नात फ्रेम चादरीत गुंडाळून माझ्याकडे पाचपाखाडीला घेऊन आली. सोबत साड्यांच्या दुकानाच्या दोन पिशव्या. त्यांत तीन अल्बम आणि बिस्किटांचा एक पत्र्याचा डबा, सुट्या फोटोंनी भरलेला. मोजले तर १८७ निघाले, फ्रेम वेगळी. मी पूर्वी कलर लॅबमध्ये प्रिंटिंगला होतो. लॅब बंद झाल्यापासून घरीच स्कॅनिंग आणि दुरुस्तीची कामं घेतो. ते १८७ फोटो चार दिवसांत आटोपले. फ्रेममधल्या एकट्या फोटोला अकरा तास लागले आणि त्यातही मी एक चूक केली. म्हणून हे टिपण मुख्यतः त्या एका फोटोचं आहे.

फोटो १९६९ चा, कृष्णधवल, आठ बाय दहा इंच. ठाणे स्टेशनजवळच्या एका स्टुडिओत काढलेला. तो स्टुडिओ कधीच बंद झाला. काकूंच्या सासूबाई खुर्चीवर बसल्यात, नऊवारीत, पदर दोन्ही खांद्यांवरून घेतलेला. मांडीवर काकूंचा थोरला, तेव्हा अडीच महिन्यांचा. सासूबाईंच्या कपाळावर मधोमध आणि हनुवटीवर गोंदण. नजर सरळ कॅमेऱ्यात, हसू अजिबात नाही. त्या काळी स्टुडिओत जाणं म्हणजे कचेरीत जाण्यासारखंच होतं.

नुकसान तीन प्रकारचं होतं. ही भिंत बाहेरची, पावसाचा मारा खाणारी, दर पावसाळ्यात पापुद्रे सुटणारी. फ्रेमच्या खालच्या डाव्या कोपऱ्यातून ओल आत शिरली होती आणि तिथला साधारण दीड इंचाचा तुकडा पार गेला होता. प्रतिमेचा थर निघून खालचा पांढरा कागद दिसत होता. कडांना निळसर, पाऱ्यासारखी चकाकी आली होती. कृष्णधवल फोटोतली प्रतिमा म्हणजे चांदीचे बारीक कण. दमट हवेत आणि पुठ्ठ्यातून, रंगातून सुटणाऱ्या वायूंमुळे ती चांदी हळूहळू ऑक्सिडीकृत होते, पृष्ठभागाकडे सरकते आणि तिथे पुन्हा धातू होऊन बसते. ही चकाकी म्हणजे तीच वर आलेली चांदी. आणि तिसरं, सगळीकडे विखुरलेले बुरशीचे ठिपके, काही पांढुरके, बरेचसे काळपट.

फोटो काचेला का चिकटतो हे गिऱ्हाइकाला सांगावंच लागतं, नाहीतर ते घरी जाऊन सुरी घालतात. चांदीचे कण जिलेटिनच्या थरात बसवलेले असतात. जिलेटिन म्हणजे प्राण्यांच्या हाडा-कातड्यापासून केलेला सरसच. दमट हवेत ते पाणी पिऊन फुगतं, मऊ पडतं, समोर काच टेकलेली असली तर तिला धरून बसतं. उन्हाळ्यात वाळलं की पक्कं. ठाण्यात जुलै-ऑगस्टमध्ये हवेतली आर्द्रता ८० टक्क्यांच्या वर असते आणि बुरशीला ६५ टक्के पुरतात, म्हणजे दरवर्षी चार महिने हे चालू. फोटो आणि काच यांच्यामध्ये चारी बाजूंनी जाड पुठ्ठ्याची चौकट कापून घातली असती, म्हणजे माउंट केला असता, तर मध्ये हवेची फट राहिली असती आणि हे घडलंच नसतं. पण तेव्हा फ्रेमवाले फोटो थेट काचेला लावायचे. आजही बरेच जण तेच करतात.

ओढून काढला तर प्रतिमा काचेवर राहते आणि कागद हातात येतो. पाण्यात भिजवून सोडवता येतो असं खूप जण सांगतात, आणि कधीकधी येतोही. पण बुरशीने जिथे जिलेटिन खाल्लेलं असतं तिथे ते पाण्यात चक्क विरघळतं. असं काम संवर्धन शिकलेल्या माणसाचं, आणि त्यानेही करण्याआधी कॉपी घ्यायलाच हवी. मी काकूंना फोनवर सांगितलं, फोटो काचेतच राहू दे, मी काचेवरूनच घेतो. त्या म्हणाल्या, “इतकी वर्षं काचेतून बघतोय, तूही बघ.”

नातीने त्याआधी दोन प्रयोग करून पाहिले होते. एका दुकानात स्कॅन करून घेतला होता; तो अंधुक आला होता. दुकानदाराने फोटोलाच दोष दिला, पण खरा दोष स्कॅनरच्या जातीचा. आज दुकानांतून सर्रास दिसणारे पातळ, यूएसबीवर चालणारे स्कॅनर सीआयएस सेन्सरचे असतात. स्कॅनरच्या काचेला अगदी टेकलेलं तेवढंच त्यांना स्पष्ट दिसतं. इथे तर फ्रेमची काच मध्ये आलेली, दोन मिलिमीटर वर. जाड, जड, आत आरसे आणि लेन्स असलेले सीसीडी स्कॅनर थोड्या उंचीवरचंही टिपतात. बाक आलेला फोटो सपाट न करता स्कॅन करायचा असेल तर दुकानात पहिल्यांदा हेच विचारावं.

दुसरा प्रयोग मोबाईलवरच्या ॲपचा. तो मला तिने जरा लाजतच दाखवला. सासूबाई तीस वर्षांनी तरुण झाल्या होत्या, त्वचा मेणासारखी, ओठ गुलाबी. कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण साफ. काकूंनी तो पाहून एवढंच विचारलं होतं, “ह्या कोण?”

चेहरे सुधारणारी ही एआय मॉडेल हरवलेलं काही शोधून काढत नाहीत, अंदाज बांधून नवीन काढतात. २०२१ मध्ये आलेलं जीएफपीगॅन हे त्यांतलं गाजलेलं. ते शिकलं ७०,००० चेहऱ्यांच्या एका संचावर, आणि तो संच फ्लिकरवर लोकांनी टाकलेल्या फोटोंतून जमवलेला. त्यात १९६९ साली ठाण्यात बसलेल्या गोंदलेल्या म्हाताऱ्या कितीशा असणार? त्याच्या लेखी कपाळावरचा काळा ठिपका म्हणजे डाग. आणि डाग काढण्यासाठीच तर त्याला बोलावलेलं. मी नातीला हे सगळं जरा ऐटीतच समजावून सांगितलं. ती ऐट पुढे मला भोवली.

काचेवरून कॉपी घेताना सगळ्यात मोठा शत्रू म्हणजे चकाकी. एक काचेची, दुसरी वर आलेल्या चांदीची. माझ्याकडे लॅबमधून आणलेल्या जुन्या एन्लार्जरचा, म्हणजे निगेटिव्हवरून मोठे फोटो काढायच्या यंत्राचा, दांडा आहे, त्यावर कॅमेरा उलटा टांगतो. दोन्ही बाजूंना ४५ अंशांत दिवे, दिव्यांसमोर पोलरायझिंग फिल्म आणि लेन्सवर पोलरायझर फिल्टर. फिल्टर फिरवत गेलं की एका जागी काच जणू नाहीशी होते, कडांची निळी चकाकी विझते आणि तिच्याखाली दडलेली खुर्चीची कोरीव पाठ दिसायला लागते. इतकी वर्षं हे करतोय तरी दर वेळी तो क्षण आवडतो. २४ मेगापिक्सेलच्या कॅमेऱ्यात आठ बाय दहाचा फोटो साधारण ४५० डीपीआयने, म्हणजे दर इंचाला तेवढे ठिपके धरून, मिळाला. जुन्या स्टुडिओ प्रिंटमध्ये मुळात जेवढा तपशील असतो तो यात बऱ्यापैकी येतो.

संगणकावर आल्यावर वेगळीच अडचण समोर आली. जिथे जिलेटिन काचेला चिकटलं होतं तो भाग गडद, ओल्या फरशीसारखा. जिथे सुटं होतं तो फिका. सासूबाईंच्या चेहऱ्याच्या मधोमध अशी एक हद्द गेली होती, समुद्राच्या नकाशातल्या किनाऱ्यासारखी वेडीवाकडी. उजवा गाल बेटावर, डावा पाण्यात. प्रत्येक बेटाभोवती हाताने मास्क, म्हणजे तेवढाच भाग वेगळा करणारी हद्द, काढून आतली छटा बाहेरच्या छटेला मिळवावी लागली. अकरापैकी सहा तास एवढ्यातच गेले आणि त्याबद्दल सांगण्यासारखं फारसं काही नाही. चहा झाला, पाठ दुखली.

मग ठिपके.

साध्या, सुट्या फोटोवर बुरशी ओळखायची सोपी युक्ती आहे. खोलीत अंधार करायचा आणि टॉर्च फोटोच्या पातळीत आडवा धरायचा. बुरशी, माशीची घाण, वाळलेलं पाणी, सगळं उठून दिसतं, कारण ते पृष्ठभागाच्या वर असतं किंवा पृष्ठभाग खाऊन आत गेलेलं असतं. स्टुडिओतल्या रिटचरने ब्रशने भरलेला ठिपका मंद दिसतो, त्या जागी कागदाची चमक मेलेली असते. आणि जो ठिपका खरोखरच समोरच्या माणसाच्या अंगावर होता, तो आडव्या उजेडात दिसतच नाही. तिथे पृष्ठभाग सपाट असतो. त्याला हात लावायचा नाही. गोंदण, तीळ, देवीचे व्रण, नाकातल्या चमकीचा ठिपका असे ओळखायचे.

इथे ही युक्ती चालेना. पृष्ठभाग काचेला चिकटलेला, त्यामुळे उठाव नाहीच. शिवाय ज्या पोलरायझरने चकाकी घालवली, त्यानेच पृष्ठभागाची सगळी खूणही पुसली. बुरशी, शाई आणि माणूस, तिन्ही एकाच पातळीत आणि एकाच काळ्या रंगात. अशा वेळी एक कॉपी पोलरायझरशिवाय घेऊन ठेवायला हवी होती. चकाकीसह, वाईट दिसणारी, पण सुट्या भागांवर तरी ठिपक्याची जात कळली असती. मी घेतली नाही, कारण पोलरायझरवाली इतकी सुंदर आली होती.

कपाळावरचं आणि हनुवटीवरचं गोंदण मी अर्थातच राखलं. ॲपवर एवढं बोलून झालं होतं. बाळाच्या अंगावर आणि दुपट्यावर मिळून पंचवीस-तीस काळे ठिपके होते, ते रात्री साडेअकरा वाजता एकेक करून हीलिंग ब्रशने काढले. बाळ लख्ख झालं. दुसऱ्या दिवशी फाइल घेऊन नौपाड्याला गेलो. घरात खोकी बांधलेली, काकू एका गादीच्या गुंडाळीवर बसलेल्या. लॅपटॉप त्यांच्यासमोर धरला. त्यांनी चष्मा पुसला आणि बराच वेळ पाहिलं. सासूबाईंबद्दल काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या:

“गालबोट कुठे गेलं?”

मला कळलंच नाही. त्यांनी बोट ठेवलं, बाळाच्या उजव्या गालावर, डोळ्याच्या थोडं खाली. “इथे. निघताना मीच लावलं होतं, काजळाचं. स्टुडिओवाला पुसा म्हणत होता, फोटो खराब येईल म्हणून. सासूबाई म्हणाल्या, पुसायचं नाही. त्यावरून त्यांचं आणि त्याचं वाजलं तिथे.”

म्हणजे १९६९ साली स्टुडिओवाल्याला जे पुसू दिलं नव्हतं, ते मी न विचारता पुसलं होतं. ॲपने गोंदण खाल्लं, मी तीट खाल्ली. फरक एवढाच की मला विचारायला माणूस हयात होता आणि पाच मिनिटांच्या रिक्षाच्या अंतरावर होता.

घरी येऊन मूळ कॉपी ४०० टक्क्यांवर उघडली. खूण तिथेच होती, नीट पाहिलं असतं तर. बुरशीच्या ठिपक्यांच्या कडा धाग्याधाग्यांच्या, आजूबाजूला पाय पसरलेल्या. हा एकटाच गोल, मऊ कडेचा, आणि गालावरच्या उजेडाबरोबर एका बाजूने किंचित फिका होत गेलेला. गालाच्या गोलाईवर बसलेला होता तो. बुरशी गालाची गोलाई पाळत नाही. दुरुस्ती वेगळ्या लेयरवर केली होती, म्हणून तेवढा भाग खोडून गालबोट जसंच्या तसं परत आलं. मूळ प्रतिमेवरच ब्रश चालवणारे लोक मी पाहिलेत. तसं केलं असतं तर पहिल्यापासून सुरुवात.

तेव्हापासून मी एक नियम केला आहे. काम सुरू करण्याआधी कॉपीची साध्या कागदावर मोठी प्रिंट काढतो, घरातल्या सगळ्यात वयस्कर माणसापुढे लाल पेनासकट ठेवतो आणि सांगतो, ज्याला हात लावायचा नाही त्याभोवती गोल करा. बहुतेक वेळा तीन-चार गोल होतात. एका आजोबांनी स्वतःच्या सदऱ्याच्या फाटक्या खिशाभोवती गोल केला होता. कारण सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

दुसरं एक पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं: या फोटोची आणखी प्रत कुणाकडे आहे का? स्टुडिओचा फोटो सहसा एकटा नसायचा. मोठा घरात लावायला आणि पोस्टकार्ड आकाराच्या दोन-तीन प्रती नातेवाइकांना. निगेटिव्हची आशा नव्हती, स्टुडिओच बंद झालेला. बाकीच्या, घरच्या कॅमेऱ्याच्या निगेटिव्ह कळव्याला दिरांकडे होत्या, त्या २६ जुलै २००५ च्या पुरात गेल्या. पण काकूंच्या नणंदेकडे, पनवेलला, छोटी प्रत निघाली. तिच्या मुलाने व्हॉट्सॲपवर पाठवली आणि नेहमीप्रमाणे ती दाबून लहान होऊन आली. मग त्याला सांगितलं, फोटो म्हणून नको, डॉक्युमेंट म्हणून पाठव. तेव्हा पूर्ण आकारात आली. गालबोट तिच्यातही होतं, खसखशीएवढं.

त्या प्रतीचा उपयोग कोपऱ्यासाठी झाला. ओलीने खाल्लेल्या भागात बाळाचं पाऊल होतं. नणंदेच्या प्रतीतलं पाऊल घेऊन, आकार आणि छटा जुळवून बसवलं. लहान फोटोवरून मोठं केल्यामुळे ते बाकीच्यापेक्षा किंचित मऊ दिसतं, ते तसंच ठेवलं. त्याखालचा खुर्चीचा पाय आणि पदराची कड छोट्या प्रतीतही कापलेली होती. तिथे मी काही काढलं नाही. पार्श्वभूमीची करडी छटा हळूहळू विरत नेली, बस्स. नात म्हणाली, “खुर्चीचा पाय एआयने भरता येईल ना, काका?” येईल, पण ती कुणाची तरी खुर्ची असेल.

अल्बमचं काम त्या मानाने सरळ होतं. तिन्ही ऐंशीच्या दशकातले, पानावर डिंकाच्या रेघा आणि वर प्लास्टिकचा कागद असलेले. तो डिंक पिवळा पडतो, कडक होतो आणि फोटो सोडत नाही. दात साफ करायचा मेण नसलेला फ्लॉस फोटोमागे घालून करवतीसारखा हळूहळू ओढला की बहुतेक सुटतात. नऊ सुटले नाहीत, ते पानासकट स्कॅन केले. मॅक्सी आकाराचा, म्हणजे चार बाय सहा इंचांचा, फोटो ६०० डीपीआयला २४०० बाय ३६०० पिक्सेलचा येतो, टिफ फाइल साधारण २६ एमबी. घरगुती प्रिंटसाठी त्यावर जाण्यात अर्थ नाही. डीपीआय वाढवला की कागदाचा दाणाच मोठा होत जातो. काही फोटो त्या काळच्या जाळीदार, रेशमी म्हणवल्या जाणाऱ्या कागदावर होते. ते एकदा सरळ आणि एकदा उलटे फिरवून असे दोनदा स्कॅन केले आणि एकमेकांवर बसवून सरासरी काढली. स्कॅनरचा उजेड एका बाजूने येतो, त्यामुळे जाळीच्या सावल्या दोन स्कॅनमध्ये उलट पडतात आणि एकमेकींना बऱ्याच अंशी खातात.

मागची बाजूही स्कॅन करतो, मात्र तिथे लिहिलेलं सगळं खरं धरून चालत नाही. एका फोटोमागे पेन्सिलीने १९७६ लिहिलं होतं. समोर तलावपाळीवर चौघं उभे आणि मागे गडकरी रंगायतन, पूर्ण बांधलेलं. रंगायतन १९७८ चं. काकूंनी हिशेब केला आणि म्हणाल्या, वर्ष नंतर कधीतरी ह्यांनी अंदाजाने टाकलं असणार.

रंगीत फोटोंपैकी एकच सांगतो. १९८३ चं, धाकट्या नणंदेच्या लग्नातलं. सगळा फोटो विटकरी झालेला. रंगीत प्रिंटमध्ये सायन, मॅजेंटा आणि पिवळा असे तीन रंगद्रव्यांचे थर असतात. त्या काळच्या कागदांत सायन अंधारातसुद्धा, अल्बम मिटलेला असतानाही फिकं पडत जातं. लाल प्रकाश शोषायचं काम सायनचं. ते गेलं की सगळीकडे लालच उरतं. संगणकाच्या ऑटो बटणाने फोटो ठीक झाला, काकूंची साडी राखाडी-तपकिरी झाली आणि मी पुढे जाणार होतो. यावेळी विचारलं.

“तपकिरी? चिंतामणी होती ती,” काकू म्हणाल्या. आणि बांधलेल्या खोक्यांपैकी तिसरं उघडायला लावून त्यांनी ती काढलीच. मलमलीच्या धोतरात गुंडाळलेली. बाहेरच्या घड्या विटल्या होत्या, पण आतली घडी उलगडली तर निळा अजून जिवंत. गॅलरीत, सावलीतल्या उजेडात त्या घडीचा फोटो घेतला आणि १९८३ च्या फोटोतली साडी त्या निळ्यावर आणून बसवली, लाल, हिरवा, निळा तिन्ही चॅनेलचे वक्र वेगवेगळे हलवत. साडी जागेवर आली तसा कार्यालयाचा चुना पांढरा झाला आणि नवरीच्या हातातला चुडा हिरवा. चेहरे किंचित फिके राहिले. अजून ओढले असते तर साडी बिघडली असती. काकूंनी चेहऱ्यांबद्दल तक्रार केली नाही.

शेवटी सगळ्या फाइल दोन पोर्टेबल डिस्कवर दिल्या, एक नातीकडे आणि एक पुण्याला थोरल्याकडे, शिवाय एक प्रत क्लाउडवर. फाइलच्या नावात वर्ष, जागा आणि माणसं. मूळ फोटो टाकू नका म्हणून सांगितलं. आम्लमुक्त कागदाच्या पाकिटांत घालून स्टीलच्या कपाटात, बाहेरच्या भिंतीपासून दूर, माळ्यावर नाही. काचेला चिकटलेली फ्रेम काकूंनी परत नेली, भाड्याच्या घरात लावायला. मी हरकत घेतली नाही, फक्त आतल्या भिंतीवर लावा म्हटलं. सासूबाईंची नवी प्रिंट मात्र माउंट घालून, काचेपासून फट ठेवून मढवून दिली.

ती हातात आल्या आल्या काकूंनी पुण्याला थोरल्याला व्हिडिओ कॉल लावला. आता निवृत्तीला आलेला माणूस. त्याने आजीला पाहिलं, हळवा झाला, फोटो जवळ आण म्हणाला. मग म्हणाला, “आई, एवढे पैसे दिलेस आणि माझ्या गालावर डाग तसाच ठेवलाय की. काढून घे ना त्यांच्याकडून.”

काकूंनी माझ्याकडे पाहिलं आणि फोन बंद केला.